तुवेरीच्या शेंगा आणि सहा दिवसांची रजा

शेजारच्या काकूंनी आमच्या ह्यांना दुकानावर फोन केला, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. "अरे, घरी सगळं ठीक ना? तुझी बायको कमाटी बागेत एकटीच बाकावर बसलीय. चेहरा अगदी शांत दिसतोय रे, म्हणून काळजी वाटली."

ह्यांनी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी येताना नेहमीपेक्षा दुप्पट लीलो चेवडो, आमचा बडोद्याचा ओलसर चिवडा, मात्र घेऊन आले.

माझं काहीही बिनसलं नव्हतं. मी रजेवर होते, इतकंच. आमच्या ऑफिसात शिल्लक रजा पुढच्या वर्षात नेता येत नाही. डिसेंबर लागला की एचआरचा मेल येतो, घ्या नाहीतर गेल्या. माझे सहा दिवस उरले होते. लग्नसराईत ह्यांचं दुकान बंद ठेवता येत नाही, लेकीची परीक्षा तोंडावर, सासूबाईंना गाडीतली झोप सोसत नाही. माहेरी जावं तर माहेर प्रतापनगरला, दांडिया बाजारातून रिक्षाने पंधरा मिनिटं. तिथे चार दिवस राहायला गेले असते तर आईने पहिला प्रश्न विचारला असता, भांडलात का? तेव्हा बडोद्यातच फिरायचं ठरवलं. जन्मापासून या गावात आहे. पाहुणे आले की त्यांना लक्ष्मी विलास पॅलेस दाखवून आणायचा, हाच काय तो माझा पर्यटनाचा अनुभव.

लेक म्हणाली, "आई, याला स्लो ट्रॅव्हल म्हणतात. एक जागा घ्यायची आणि तिथे निवांत राहायचं." मी मान डोलावली आणि वहीत नऊ जागांची यादी केली. जीएसटी भरणारी माणसं आम्ही, यादीशिवाय आमचं पान हलत नाही.

पहिल्या दिवशी स्कूटर काढली आणि दुपारी दोनपर्यंत नवापैकी पाच जागांवर खूण करून मोकळी झाले. डोकं ठणकत होतं. रात्री फोनमधले फोटो बघताना लक्षात आलं, की तांबेकर वाड्यातला पहिला फोटो ११.४२चा होता आणि शेवटचा ११.५३चा. मधे चाळीस फोटो. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आत भिंतीच्या भिंती चित्रांनी भरल्यात, कृष्णलीलेपासून इंग्रज-मराठ्यांच्या लढाईपर्यंत. मी डोळे मिटून एखादं तरी चित्र आठवायचा प्रयत्न केला. आठवला तो जिन्याचा कठडा, कारण त्यात ओढणी अडकली होती.

यादी फाडली नाही, माझ्याच्याने कागद फाडवत नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं, स्कूटर घरी. फोन घरी. एका वेळी एकच जागा, निदान दोन तास. लेकीने हरकत घेतली, काही झालं तर कळवणार कसं? तेव्हा सासूबाईंचा बटणांचा फोन बरोबर घ्यायचं ठरलं. त्यात घरचे चार नंबर आहेत आणि ऑफिसातल्या कुणाकडेही तो नंबर नाही. या सगळ्या उद्योगातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, असं मी आजही म्हणेन.

दुसऱ्या दिवशी चालत कमाटी बागेत गेले. पाटीवर सयाजीबाग लिहिलेलं असतं, पण गावाच्या तोंडी कमाटी बागच. तिसऱ्या सयाजीरावांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी ही बाग केली आणि लोकांसाठी खुली ठेवली. आत म्युझियम आहे, बँडस्टँड आहे, फुलांचं घड्याळ आहे. मला यातलं काहीच बघायचं नव्हतं. एका जुन्या वडाखालचं बाक धरलं आणि बसले.

पहिली वीस मिनिटं वाईट असतात. हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. हात आपोआप पर्सकडे जातो, फोन नाही हे कळतं, मग फोन नाही म्हणून काहीतरी घडलं असणार असं वाटायला लागतं. गॅस बंद केला होता का, अमक्याचं रिटर्न भरलं का. मांडीवरच्या हातांचं काय करायचं ते कळत नाही. मग कधीतरी, आपण न ठरवता, कान उघडतात. पोपट ओरडत होते ते मघापासूनच ओरडत होते. हास्यक्लबवाल्यांचं हसणं संपून त्यांची खरी गप्पांची बैठक सुरू झाली होती आणि ते मघापेक्षा खरं हसत होते. एक खार वडाच्या पारंबीवरून उलटी उतरत होती.

एवढ्यात बागेचा चौकीदार आला. "केम बेन, कोईनी राह जुओ छो?" कुणाची वाट बघताय का, असं.

"ना, एमज बेठी छुं." अशीच बसलेय, म्हटलं.

उत्तर त्याला पटलं नाही. दहा मिनिटांनी परत आला. "तबियत तो सारी छे ने?" मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, नुसता समोरून गेला, पण पाय जरा जास्तच सावकाश टाकत. त्याच सुमाराला आमच्या काकू वॉकला आल्या असणार.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की बागेत पुरुष बसतात, बाया चालतात. काका लोक पेपर उघडून दोन दोन तास बसतात, कॉलेजची जोडपी झाडामागे बसतात, त्यांच्याकडे फार तर रागाने बघितलं जातं. बाई चालत असली तर काळजी नाही, तिला डॉक्टरने सांगितलं असेल. पोरं खेळवत असली तरी हरकत नाही. पण काही न करता, कुणाची वाट न बघता बसलेली बाई म्हणजे घरी काहीतरी झालंय. परगावी गेलं तर हे कोणी विचारत नाही, कारण तिथे आपण पर्यटक असतो, बसण्याचे पैसे भरलेले असतात. आपल्याच गावात बसायला मात्र कारण लागतं.

कारण मला खंडेराव मार्केटमध्ये मिळालं. डिसेंबरात आमच्याकडे लीली तुवेर येते, ओल्या तुरीच्या शेंगा. कचोरीला, उंधियोला, टोठ्याला लागते, आणि सोलायला भयंकर वेळ खाते. किलोभर शेंगा सोलून दाणे निघतात ते निम्म्याच्या आसपास. एरवी ही माझ्या कपाळावरची आठी. तिसऱ्या दिवशी अर्धा किलो शेंगा कापडी पिशवीत, एक स्टीलचा डबा, आणि त्याच वडाखालचं तेच बाक.

चौकीदार आला, पिशवीकडे बघितलं, म्हणाला, "तुवेर शुं भाव?" भाव ऐकून हळहळला आणि गेला. त्यानंतर त्याने मला काहीही विचारलं नाही.

शेंगा सोलण्यात एक गंमत आहे, ती घरी टीव्हीसमोर सोलताना कधी जाणवली नव्हती. डोळे मोकळे राहतात. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला की ती फट्कन उघडते, दाणे डब्यात, साल पिशवीत, आणि हे सगळं हातांचं हात करत असतात. त्या वीस मिनिटांची तगमग पाचावर आली. विणकाम येणाऱ्या बायका म्हणतील यात नवीन काय. असेल. मला विणता येत नाही.

आणखी एक झालं. पाऊण तासाने माझ्याच वयाची एक बाई वॉकचे बूट घालून समोरून तिसऱ्यांदा गेली, थांबली, बाकाच्या टोकाला टेकली आणि काही न बोलता पिशवीतून मूठभर शेंगा उचलून सोलायला लागली. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, तिची सून आता सोललेली तुवेर पाकिटातून आणते. एवढंच. तिच्या घड्याळाने पावलं पूर्ण झाल्याचं टुं केलं, ती उठली, हात झटकले आणि गेली. नाव विचारायचं राहिलं.

त्या दिवशी उन्हं वर आल्यावर म्युझियममध्ये शिरले. शेंगा बाहेर ठेवाव्या लागतील असं वाटलं होतं, पण पिशवी आतच चालली, सोलायचं तेवढं नाही. १८९४ सालचं हे म्युझियम. इजिप्तची ममी आहे, अकोट्याला १९५१ च्या सुमारास सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत. त्या एकेकट्या तासभर बघाव्यात अशा आहेत. मी मात्र एकच गोष्ट बघायची ठरवून गेले होते, निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ मध्ये मही नदीत वाहून आलेला हा मासा सत्तर फुटांहून लांब आहे. शाळेच्या सहलीत मी त्याच्यासमोरून धावत गेले होते. या वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायलाच पाच मिनिटं लावली, प्रत्येक बरगडीपाशी थांबत. शेपटीकडे हाडं किती लहान लहान होत जातात, शेवटची तर आपल्या मुठीएवढी वाटतात. शाळेची एक सहल आली, बाईंनी "व्हेल, व्हेल, चलो" म्हटलं, आणि मिनिटभरात चाळीस पोरं पुढे गेली. एक मुलगा मागे राहून माशाच्या जबड्यात वाकून बघत होता. बाईंनी हाताला धरून त्याला ओढून नेलं. त्या बाईंचा मला राग आला नाही. चाळीस पोरं, चारपर्यंत परत पोचायचं, त्यांच्याकडेही यादी असणार.

चौथा दिवस मगरीचा. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून विश्वामित्रीत मगर दिसते, हे प्रत्येक बडोदेकराला माहीत असतं, आणि प्रत्येक बडोदेकर पुलावरून गाडी हळू करून तिरका कटाक्ष टाकून निघून जातो. पावागढच्या डोंगरात उगवणारी ही नदी गावाच्या मधोमध वाहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती घराघरात शिरली तेव्हा पाण्याबरोबर मगरीही रस्त्यावर आल्या होत्या. हिवाळ्यात मात्र त्या उन्हाला येतात. मगर थंड रक्ताची, तिला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, उन्हातूनच घ्यावी लागते. सकाळी दहाला पुलाच्या कठड्याला टेकले तेव्हा मला चिखल आणि कचऱ्याशिवाय काही दिसलं नाही. शेजारी चहाच्या लारीवरचे, म्हणजे हातगाडीवरचे, एक आजोबा उभे होते, ते म्हणाले, "त्या निळ्या प्लास्टिकच्या उजवीकडे." मराठी ऐकून बरं वाटलं. तिथे एक ओंडका होता. मी ओंडक्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने ओंडक्याने तोंड उघडलं.

उघडलं आणि तसंच ठेवलं. रागाने नव्हे, अंग जास्त तापू नये म्हणून त्या जबडा उघडा ठेवतात. चाळीस मिनिटं ती मगर आ वासून पडली होती आणि मी कठड्याला कोपरं टेकून उभी होते. मागून बस, रिक्षा, स्कूटर, हॉर्न. कोपरांना गिट्टी रुतली. आजोबांनी मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. मगर आत गेली नाही, मीच आधी गेले, पाय दुखायला लागले म्हणून. नदीत किती घाण आहे, हेही चाळीस मिनिटं बघावं लागलं. निवांत बघायचं ठरवलं की नको तेही दिसतं.

दुपारी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून सयाजीरावांनी १९१० पासून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्यातली ही मुख्य. लोखंडी कपाटांचे मजल्यावर मजले, आणि मधल्या लाद्या जाड काचेच्या, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. कोणी वर चाललं की खालून त्याच्या चपलांची सावली दिसते. मराठी विभागात बसून अर्धा तास वाचलं, अर्धा तास डुलकी काढली. ग्रंथपालांनी उठवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

पाचव्या दिवशी अरविंद निवासात. हे तर आमच्या दांडिया बाजारातच, रोज समोरून जाते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत होते. नोकरी सोडल्यावर, सुरतचं काँग्रेस अधिवेशन मोडलं त्यानंतर, १९०८ च्या जानेवारीत ते बडोद्याला परत आले, आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत ध्यानाला बसवलं. तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झालं, असं अरविंदांनी पुढे लिहून ठेवलं. मी ध्यानाच्या खोलीत डोळे मिटून बसले. माझ्या मनात सुरुवातीला टीडीएस आला, मग टीडीएस गेला आणि रात्रीची भाजी आली. लेले महाराज भेटले असते तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. पण अर्धा तास बसले खरी, आणि बाहेर पडल्यावर रस्ता मोठ्यांदा वाटला.

घरी आले तर सासूबाई पिशवीतली तुवेर सोलत बसल्या होत्या. "तू रोज कुठे जातेस? मलाही ने उद्या."

खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो त्यांच्या चालीचा. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे धरलेले. त्यांच्याबरोबर मार्केटला जायचं म्हणजे मी दहा पावलं पुढे जाऊन थांबायचं, त्या आल्या की परत दहा पावलं. अठरा वर्षं हे चाललंय. नाही म्हणवेना.

सहाव्या दिवशी सकाळी आठला निघालो. ठरलं सुरसागर, घरापासून माझ्या पायाने आठ-दहा मिनिटं. आम्हाला पाऊण तास लागला. पहिल्या वळणावर मी सवयीने पुढे गेले, थांबले, आणि लक्षात आलं, की आज थांबायचं कशासाठी? पोचायचं कुठे आहे? परत येऊन त्यांच्या डाव्या बाजूला लागले आणि त्यांच्या पायाबरोबर पाय टाकू लागले. जमेना. हळू चालणं फार अवघड आहे, पाय आपसूक पुढे पळतात. मग त्यांची काठी ठेका देते तसं पाऊल टाकायला लागले, टक्, एक, दोन. टक्.

सासूबाई बोलत होत्या. हा मोबाइलचा शोरूम आहे ना, इथे वाडा होता, चौकात आड होता, आम्ही हळदीकुंकवाला यायचो. ह्या गिरणीत लग्नानंतर पहिल्यांदा मला एकटीला दळण घेऊन पाठवलं, आणि मी रस्ता चुकून रावपुऱ्याच्या टॉवरपर्यंत गेले, रडत परत आले. इथे बँडवाला राहायचा. इथे आमच्या आत्येसासूबाईंची मैत्रीण, तिला कोड होतं, पण पेटी काय वाजवायची! मी या रस्त्याने अठरा वर्षं जातेय. मला इथली फक्त पार्किंगची जागा माहीत होती.

सुरसागरच्या काठावर बसलो. तळ्यात मधोमध सोन्याचा मुलामा दिलेले सर्वेश्वर महादेव, सूर्य त्यांच्या खांद्यामागून येत होता. समोर न्याय मंदिराचे मनोरे. "ते भाजीबाजार म्हणून बांधायला घेतलं होतं म्हणे," सासूबाई म्हणाल्या, "मग तिथे कोर्ट बसवलं." १८९६ सालची ती इमारत, भाजी न विकता तिने शंभरावर वर्षं खटले ऐकले. सासऱ्यांची भाडेकरूची केस तिथेच चौदा वर्षं चालली होती. दर तारखेला सासूबाई डबा घेऊन यायच्या, आणि ते आत असताना याच काठावर बसायच्या.

"एकट्या?"

"मग कोण येणार बरोबर?"

"कोणी काही विचारायचं नाही?"

"विचारायचे. मी सांगायची, कोर्टाची तारीख आहे." आणि हसल्या. "दोन-चार वेळा तारीख नसतानाही आले होते."

मी पिशवी उघडली, डबा काढला, शेंगा दोघींच्या मधे ठेवल्या. त्यांनी एक शेंग उचलली, बघितली आणि परत पिशवीत टाकली. नंतर तासभर त्या नुसत्या पाण्याकडे बघत होत्या. मध्ये एकदा एक ओळखीचे गृहस्थ थांबले, "काय वहिनी, कोणाची वाट बघताय?" सासूबाईंनी "नाही" म्हटलं आणि पुढे काहीही सांगितलं नाही. ते गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

परत येताना मात्र रिक्षा केली, गुडघ्यांचा हट्ट पुरवायचा नसतो. सकाळची सेव उसळ खाल्ली, त्यांनी तरी कमी घालून, मी जास्त. रजा संपली. सहा दिवसांत सव्वादोन किलो शेंगा सोलून झाल्या, दाणे फ्रीजरमध्ये आहेत, उत्तरायणाच्या उंधियोला होतील. कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांचं गंगावतरण नीट बसून बघायचं राहिलं. पहिल्या दिवशी तिथे फक्त खूण केली होती.

रात्री भांडी आवरताना सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "कमाटी बागेत कधी जायचं? वडाखाली म्हणालीस ना तू."

"संक्रांत झाली की पहिल्या रविवारी. शेंगा असतील तोपर्यंत."

"तुवेर तू आण हवी तर. मी नुसती बसणार."

साडेसातची रिक्षा सांगून ठेवली आहे.